तळ बघणं

तुमच्या आईलापण हाच गोडीचा रोग लागलाय म्हणून तुमी आलात ना, मग बसा, घाई करू नका, मी पहिल्यापासनं सांगते. माजा जन्म पावस गावाच्या बाजूचा. आंब्याच्या बागेच्या कडेला आमचं खोपटं व्हतं, बापूस बाग राखायचा, आयस कलमांना पाणी घालायची, आणि आमी पोरं दिवसभर कातळावर. आता कातळ तुमाला ठाऊक हाय, वैशाखात कसा तापतो तो, त्याच्यावरनं आमी अनवाणी जायचो नि यायचो. पायात कायतरी घालायचं हे आमच्या घरात कोणाच्या मनातच आलं नाय. वहाणा बापयांच्या, त्यापण कोणाच्या लग्नाला जाताना. माज्या तळव्याची कातडी अशी झालेली, की करवंदीचा काटा आत जायचा नाय, मोडायचा. आयस कौतुकानं सांगायची सगळ्यांना, आमच्या बायच्या पायाला काय टोचत नाय. तेच कौतुक पुढं माज्या अंगाशी आलं, पण ते मागनं सांगते.

प्लेगाच्या दुसऱ्या वर्षी माजं लगीन झालं, आणि मी मिरकरवाड्यात आले. आमचे हे होड्यांचे सुतार. पाऊस यायच्या आधी सगळ्या होड्या वर ओढतात, कुशीवर पाडतात, आणि मग हे खाली बसून तळ बघतात. म्हणजे एकेक फळी हातानं चाचपायची, बारक्या हातोडीनं ठोकायची, कुठं बद्द वाजतं ते ऐकायचं. किडा लाकडात शिरतो तो वरनं दिसत नाय, काय सांगू तुमाला, वरनं होडी अशी नवी नवरी, आणि आतनं चाळण झालेली. कोण तांडेल म्हणाला, की अहो माजी होडी पाणी घेत नाय, तर हे म्हणायचे, पाणी घेत नाय म्हणूनच बघतो, घेतल्यावर काय बघायचंय? मला तेव्हा हसू यायचं. माणूस जरा जास्तच कीस काढतो असं वाटायचं.

आयस माजी मानमोडीच्या साथीच्या आधी गेली. पायानं गेली. तिला काय झालेलं ते आमाला कोणालाच कळलं नाय, नुसती वाळत चाललेली, पाणी पी पी प्यायची, आणि मग एकदा मी माहेरी गेले तर घरात वास. उंदीर मेला असेल म्हणून आमी फडताळ हलवलं, मडकी हलवली. तो वास आयच्या पायाचा व्हता. टाचेखाली येवढं भोक, काळं पडलेलं, आणि ती त्याच पायावर कळशा भरत व्हती. मी म्हटलं, आये, दुखत नाय तुला? तर म्हणाली, नाय गो, काय पण नाय. पंधरा दिवसांत गेली. मी लय रडले, पण शिकले काय? काय नाय शिकले. तिचं नशीब म्हटलं आणि परत आले.

मग माजी पन्नाशी जवळ आली, आणि मोरीत, लघवीच्या जागी, मुंग्या दिसायला लागल्या. मी राख टाकायची, त्या परत यायच्या. तहान तर अशी, की सासू म्हणायची, ही विहीर आटवणार. ह्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलंनी. डाक्टरांनी लघवी घेतलंनी, त्यात निळं औषध घातलंनी आणि नळी दिव्यावर धरलंनी, आणि माज्या डोळ्यांदेखत ते निळं पाणी चिऱ्यासारखं तांबडं झालं. म्हणाले, हा मधुमेह. भात कमी करा, गूळ-साखर बंद. ह्याच्यावर मुंबईला सुई निघालीय म्हणाले, पण ती आगबोटीनं बर्फातनं मागवायची, तुमचं अजून पथ्यावर भागेल. मी पथ्य केलं, अगदी नेमानं केलं. पण डाक्टर म्हणाले, पायाला मुंग्या येतात काय, बधिर वाटतात काय, तर मी म्हटलं, छे हो, माजे पाय लहानपणापासनं घट्ट हायत. अभिमानानं म्हटलं. पाय मेलेले आणि मी त्यांची शेखी मिरवत व्हते.

वैशाखात रातांबे फोडायचं काम असतं. दोन दिवस आमी सासू-सुना मागल्या पडवीत बसून रातांबे फोडत व्हतो, आमसुलं घालायला, हात-पाय सगळं लालेलाल. आदल्या दिवशी मी ओहोटीला खडपावर, उघड्या पडलेल्या खडकांवर, अनवाणी जाऊन कालवं काढून आणलेली. तर झालं काय, सारवलेल्या जमिनीवर लाल डाग पडायला लागले, माजघरात, चुलीपाशी, तुळशीकडं. सासू ओरडायला लागली, पाय धू गो आधी, रातांब्याचा रस घरभर नाचवतेस! मी पाय धुवायची, परत डाग. परत धुवायची. पायावर पाणी ओततो आपण, पाय बघतो काय? तिसऱ्या दिवशी रातांबे संपलेले, पाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या, हे जेवायला आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले, खाली बघत. म्हणाले, आज रातांबे कुठं फोडलात? मी म्हटलं, आज नाय फोडले. मग म्हणाले, हा डाग एकाच पायाचा हाय, उजव्या, आणि दरवेळी एकाच जागी हाय. तळ दाव तुजा.

आता बघा, बायकोनं नवऱ्याच्या हातात पाय द्यायचा? तो पण सासूच्या देखत? मी पाय पोटाशी घेऊन बसले. म्हटलं, मला पापात घालू नका, मी सात जन्म किडा होईन. सासूनं तर कपाळावर हातच मारून घेतलान, म्हणाली, बायकोच्या पायाशी बसतोस, लाज नाय वाटत? ह्यांनी आवाज पण चढवला नाय. म्हणाले, आये, मी पाया पडत नाय, मी तळ बघतोय. आणि माजा घोटा धरून पाय मांडीवर घेतलंनी, जशी होडीची फळी धरतात तसा. अंगठ्यानं दाबत दाबत गेले आणि करंगळीच्या खाली थांबले. काय टोचतंय? म्हटलं, नाय. आता? नाय. आता? मी म्हटलं, अहो काय नाय, आणि वर बघितलं तर ह्यांच्या हातात कालवाचं शिंपलं, नखायेवढं, रक्तानं माखलेलं. माज्या पायातनं काढलेलं, आणि मला पत्ता नाय. तेव्हा मला आय आठवली आणि मी भ्याले. खरं सांगते, तशी मी कधी भ्याले नाय.

बैलगाडीनं दवाखान्यात नेलंनी. करंगळी काळी पडलेली, ती काढायला लागली. डाक्टर ह्यांना म्हणाले, आठ दिवस उशिरा आला असतात तर घोट्यापासनं पाय गेला असता, नायतर बाई गेली असती. आणि मला म्हणाले, बाई, दुसऱ्या माणसाचा पाय दुखतो म्हणून तो बघतो. तुमचा दुखायचा नाय, म्हणून तुमी रोज बघायचा. रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्यातनं पुसून कोरडा करायचा, तळवा बघायचा, चुलीशी शेकायचा नाय, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाय. मी तिथंच खाटेवर ठरवलं, एक बोट दिलं, आता दुसरं देणार नाय.

ठरवणं सोपं. माजा गुडघा दुमडत नाय, डोळे अधू, मला माजा तळवा दिसणार कसा? म्हणजे ह्यांनीच बघायचा. रोज कामावरनं आले, की तिन्हीसांजेच्या आधी, उजेड असेपर्यंत, मागल्या पडवीत मी पाय पुढं करायची आणि हे बघायचे. पहिले कितीतरी दिवस मी डोळे मिटून देवाची माफी मागायची. सासू पाठ करून बसायची. वाड्यातल्या बायका हसायच्या, मी कातडी वहाणा घालून मासळीला गेले, की म्हणायच्या, आली गो मडमीण. मी म्हणायची, व्हय, मडमीण, नऊ बोटांची मडमीण, वाट सोडा. हसून हसून कंटाळल्या.

मग एकदा ह्यांना हर्णेला बोलावणं आलं, मोठ्या गलबताचं काम, आठ दिवसांचं. जाताना मला म्हणाले, कोणाला तरी दावत जा. मी म्हटलं व्हय, पण दावणार कोणाला? पहिल्या दिवशी तशीच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत पाय पुसत बसलेली, आणि सासू आली. सत्तरीची म्हातारी, भिंत धरत धरत खाली बसली, माज्या समोर. मला वाटलं काय बोलायला आली. तर हात पुढं केलान आणि म्हटलंन, दाव गो तळ. मी म्हटलं, आत्ये, नको, तुमी नको. तर म्हणाली, गप. त्यानं मला सांगितलान नाय, मीच आलेय. एक बोट माज्या ओरडण्यानं गेलं, मी रस रस म्हणत राहिले. आणि माजा पाय मांडीवर घेतलान, बेचक्यान् बेचकी बघितलान. मला रडू आवरेना. लग्नापासनं मी त्या बाईच्या पाया पडत आलेली. हे येईपर्यंत रोज तिनं बघितलान, आणि पुढं ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्या टाचा रोज बघितल्या, मरेपर्यंत एक फोड येऊ दिला नाय.

आता ह्यांची नजर गेलीय. होड्या दुसरे बघतात. पण माजा तळ हेच बघतात, बोटांनी, अजून. कुठं गरम लागतंय, कुठं कातडी मऊ झालीय, कळतं त्यांना. गेल्या पावसात एक फोड धरलंनी, तो वेळेत बरा झाला. मी चालते, पाणी भरते, बाजारला जाते. हा रोग काय जाणार नाय, तो माज्याबरोबरच जाईल, जाऊदे. पण पाय मी त्याला देणार नाय.

निघालात? पाया पडताय? पडा, औक्षवंत व्हा. पण ऐका, घरी गेलात की आईच्या पण पाया पडाल, तेव्हा नुसती बोटं टेकून उठू नका. खाली बसा, तिचा पाय मांडीवर घ्या, ती नको नको म्हणेल, म्हणूदे, आणि तळ बघा. रोज बघा. तुमच्या आईची धाही बोटं सुखात राहूदेत. माजी नऊ हायत, पण नऊच्या नऊ माज्याजवळ हायत.