कळा येण्याआधी

माहेर माझं पारोळ्याचं, सासर शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून मी जिवंत, हे आधी लिहून घ्या ताई. तीन दिवस कळा दिल्या, अशी ओरडले की पारोळ्याच्या किल्ल्याचे दोन दगड निसटले, मग भावाने धुळ्याला नेलं, पोट फाडलं, पोरगं मेलेलंच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, पिशवीवर उभा छेद घ्यावा लागला, पुढच्या वेळी कळांची वाट पाहायची नाही, महिनाभर आधी इथे यायचं, नाहीतर पिशवी फाटून दोघं जाल. तसं कागदावर लिहून दिलं.

तो कागद सासूने चुलीत घातला. दुसरं बाळंतपण सासरचं ना. सासू म्हणे, कळा नही, काही नही, आन् दवाखाना कशाले, आमना घरमा बठ्ठा पोरे चुल्हापासेच व्हयनात. नवरा आईच्या तोंडाकडे पाहणारा, त्याला काय विचारायचं.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हा मला आठवा महिना. काय सांगू तुम्हाला, डफ वाजला आणि मी केस सोडले, अशी घुमले की नैवेद्याच्या रोटांचं ताट उडून धाब्याच्या छताला लागलं. सासूचा अंबाडा धरला, नाक घासायला लावलं, दोन थोबाडीतही ठेवून दिल्या, देवीच्या नावाने. म्हटलं, हाई लेकरू मनं शे, कळा येवाना पहिले इले धुयाले दवाखानामा लई जा. सासू हात जोडून म्हणे, लई जासू माय, लई जासू. धुळ्याला नेलं, पोरगा झाला, पायलीभर ज्वारीएवढा जड.

दोन वर्षांनी धाकट्या जावेला तिच्या माहेरी तसाच उभा छेद, पोरगी झाली. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा सासू म्हणे, देवी मोठीसाठी बोलनी, तुनासाठी कोठे बोलनी. जाऊ माझ्याकडे आली, अक्का, देवीला माझ्यासाठी विचारा ना. दुसऱ्यांदा तेच सोंग काढलं असतं तर सासूला संशय आला असता, त्या दोन थोबाडीत कुणाच्या ते कळलं असतं. म्हटलं, माझ्या हातात आहे का ते. घरीच कळा सुरू झाल्या, भर दुपारी बैलगाडी जुंपली, शिरपूर दिसायच्या आत जाऊ गेली, पोटातलंही गेलं.

तिची पोरगी मीच वाढवली, आता बारा वर्षांची आहे, मला मोठी माय म्हणते. परवा कानबाईपुढे विचारते, मोठी माय, माझ्या आईसाठी देवी का नाही बोलली. मी म्हटलं, देवीची मर्जी बाई.

दर श्रावणात बाया माझ्या पाया पडतात. ती पोरगी सगळ्यांच्या आधी.