परवानगी धुळ्यापुरती

मी सोनगीरची, कासाराची पोर. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची गल्ली. मी चालायला शिकले ती बांगड्यांची टोपली धरून, असं माझी माय सांगायची, आणि माझी माय खोटं फार सुरेख बोलायची, तेवढा एक गुण माझ्यात उतरलाय म्हणतात. शेजारी कल्हईवाल्यांचं घर. त्यांची जैतून माझ्याच वयाची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गौराई मांडायचो, झोके बांधायचो, तर झोक्यावर जैतून सगळ्यांत उंच, आणि आमची अहिराणी गाणी आमच्यापेक्षा तिलाच जास्त पाठ. तिची माय खालून ओरडायची, उतर, तंगडं मोडशील, आणि काय सांगू तुम्हाला, ओरडता ओरडता स्वतःच झोका द्यायची.

मग दोघींची लग्नं झाली. माझं धुळ्याच्या पोलीस शिपायाशी, तिचं कराचीच्या मामेभावाशी. मी एसटीनं गेले, ती आगगाडीनं गेली, रडलो दोघी सारख्याच. सासर म्हणजे सासर, लांब काय अन् जवळ काय, असं तेव्हा वाटायचं.

आमचे हे पुढे हवालदार झाले. परदेशी लोकांच्या नोंदीचं टेबल मिळालं. धुळ्यात परदेशी कोण येणार, गोरे साहेब थोडेच येतात! आपल्याच पोरी, तिकडे पाकिस्तानात दिलेल्या, माहेरपणाला आलेल्या. आल्या आल्या पोलिसात हजेरी, जायच्या आधी हजेरी. हे खुर्चीत असे बसायचे, मान अशी, भुवया अशा, हसू नका ताई, खरंच असे, आणि संध्याकाळी मला ऐकवायचे, आज एकीला वेळेवर परत धाडली. मी म्हणायची, वा, माहेराहून पोरींना हाकलायचा पगार घेता. बांगड्यांची टोपली मी सोडली नव्हती. पोलीस लाईनीत बायका नाकं मुरडायच्या, हवालदारीण दारोदार फिरते. मी म्हणायची, साहेबाच्या बायकोचा हात माझ्या हातात असतो, तुमच्या नवऱ्याच्या हातात काय असतं, काठी!

लाईनीत रंगीत टीव्ही नुकता आला होता, त्या सुमाराची गोष्ट. जैतून आली. इतक्या वर्षांनी. केस पिकलेले, हसणं तेच. पण तिच्या परवानगीवर गाव एकच, धुळे. भाऊ धुळ्यात राहतो म्हणून तेवढंच लिहिलेलं. माय सोनगीरला, मांडीचं हाड मोडून खाटेवर, डोळ्यांना फक्त सावल्या दिसायच्या, तिला हलवायचं तर डॉक्टर नको म्हणे. धुळ्याहून सोनगीर ते काय, एसटीत डुलकी लागायच्या आत गाव येतं. पण जैतूनला ते परक्या मुलखाइतकं लांब. भावानं सोनगीरच्या परवानगीसाठी अर्ज दिला. यांनी तो वर पाठवला. वरून उत्तर नाही. मी रोज विचारायची, आलं का? हे म्हणायचे, येईल. जैतूनचे दिवस संपत आले, आणि आखाजी आली.

आता आखाजीला माहेरवाशीण मायजवळ नसेल तर तिची आखाजी कसली? मी आधीच सोनगीरला गेले होते. सणाला पोरींना बांगड्या भरायच्या असतात ना. पाहते तर कल्हईवाल्यांच्या ओट्यावर जैतून. एकटीच एसटीत बसून आली होती. मायची खाट दारात ओढलेली. म्हातारी म्हणाली, एक गाणं म्हण वं. ही झोक्यावर बसली, उंच नाही, हळूच, आणि म्हणायला लागली. म्हातारी खाटेवर हाताने ताल धरून. मी जैतूनचा डावा हात भरला, उजवा धरला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमचे हे दिसले. साध्या कपड्यात.

झालं असं, धुळ्यात तपासणीला शिपाई गेला, जैतून घरी नाही, भाऊ घाबरून खरं बोलून गेला. साहेब यांना म्हणाले, तुमचं सासरच ना सोनगीर, तुम्हीच जा, बोभाटा नको.

आता आमच्याकडची रीत सांगते. आखाजीला बायका शिव्या देतात. या आळीच्या त्या आळीला, कमरेला पदर खोचून, आणि कोणी मनाला लावून घेत नाही. गावाचा जावई सापडला तर मग विचारूच नका. हे दिसताच बायका उठल्या. उना रे मुडदा उना! तुन्ही टोपी जळो, तुन्ही काठी मोडो, माय-लेकी तोडणारा, तुन्हं तोंड काळं होवो! आणि हे हसायला लागले. खदाखदा! यांना वाटलं, सासरचा मान चाललाय. म्हणाले, अजून द्या, पण आधी खापरावरची पोळी वाढा, आमरस वाढा. ओट्यावर मांडी घालून बसलेसुद्धा. मी माझ्या काकूच्या तोंडाकडे पाहिलं. शिव्या देता देता ती डोळे पुसत होती. ताई, त्या शिव्यांत सण नव्हता. गल्लीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं, कुत्र्यालाही, एका माझ्या नवऱ्याला सोडून. मी मोठी नकलाकार, तोंडाचा पट्टा चालवणारी, पण तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

जैतूननंच बायकांना थांबवलं. यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाली, जावई आहेत आमचे, राहू द्या. मग मायजवळ वाकली आणि तिला सांगितलं, अम्मा, यांनीच मला परवानगी काढून आणलं होतं, आता वेळ झाली, न्यायला आलेत. हे ऐकून यांचं हसू गेलं. तांब्या तसाच राहिला. जैतून निघाली, एक हात भरलेला, एक रिकामा, मी मागे धावले तर म्हणाली, राहू दे सुमन, उशीर झाला तर हवालदारदादांना बोल लागेल.

मी घरी आल्यावर विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, जे पाहिलं ते. परवानगीबाहेर सापडली. म्हणजे पुन्हा तिला येऊ देणार नाहीत? नाही देणार बहुतेक. मी म्हटलं, धुळ्यातच होती असं लिहिलं असतं तर? ते म्हणाले, डोळ्यांनी पाहून पाहिलं नाही म्हणायचं? मग पोलीस कशाला? मी म्हटलं, साहेबांच्या मेहुण्याच्या ट्रकमधून चोरीचं लाकूड उतरत होतं, तेव्हा बरं तुम्हाला दिसलं नाही. ते म्हणाले, दुसरा गेला असता तर तिला जीपमध्ये घातलं असतं. मी तिला एसटीत खिडकीपाशी बसवून आणलं. हे खरं आहे, ताई. म्हणूनच मला भांडता येईना. चांगला माणूस आहे हो, दारू नाही, मारणं नाही. चांगल्या माणसानं केलं की शिव्या कोणाला द्यायच्या?

साहेबांनी शाबासकी दिली. जैतूनला पुढे दोनदा नाकारलं, तिच्या भावानं सांगितलं. मी लाईनीत त्या वर्षी कोणाला हसवलं नाही. बायका म्हणायच्या, हवालदारणीला काय झालं?

आता यांची नोकरी संपत आली. माझी टोपली चालूच आहे, काचेच्या जागी पोरी प्लास्टिक मागतात, त्यांचं त्या जाणोत. सोनगीरला गेले की म्हातारीकडे जातेच. जिवंत आहे ती, काडीसारखी. पाऊल ओळखते. माझा हात धरते आणि म्हणते, तुन्हा नवरानं भलं होवो, त्यानी मन्ही पोर मले भेटाडी. आता आणखी एक डाव आणाले सांग त्याले, त्यानं सरकार आयकस. मी म्हणते, सांगते मावशी. दर खेपेला म्हणते, सांगते. आणि घरी येऊन यांना खरंच सांगते, म्हातारीनं आशीर्वाद धाडलाय. हे जेवत असले तर ताटावरून उठत नाहीत, अन्नाचा मान ठेवतात. पण पुढचा घास तेवढा उचलत नाहीत. मी समोर बसून राहते. मग मीच म्हणते, जेवा आता, गार होतंय.