सोळाचे चोवीस

टायर बदलून मिळेपर्यंत लोरेटा विनिपेगच्या गॅरेजात ताटकळत बसली होती. शेजारचे दोघे एकाच लॅपटॉपवर वाकले होते.

"डॅरिल, घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचे फोन व्हीपीएनमधून आपल्या सिस्टिममध्ये आत सोडायचा आयपी पत्त्यांचा पट्टा तू बदललास?"

"सकाळीच. तिरक्या रेघेपुढे सोळा होते, चोवीस केले. म्हटलं, जागा वाढेल."

"अरे शहाण्या, तिथे आकडा वाढला की दार अरुंद होतं!"

"किती?"

"अडीचशे फोन आत, सहाशे बाहेर."

"मग त्यांना पेशंटची माहिती..."

"कपाळ दिसणार! ऑफिसला फोन लाव."

"लावतोय. कुणी उचलेल तर ना!"

एवढ्यात लोरेटाचा फोन वाजला. तिच्या आईच्या घरी गेलेली नर्स कावलेली होती.

"मॅडम, माझ्या फोनवर काही उघडतच नाहीये. आईंना इन्सुलिन किती द्यायचं?"

लोरेटाने फोन डॅरिलपुढे धरला.

"घ्या. तुमच्यासाठी आहे."