सुशीलामावशींच्या फोटोपुढं उदबत्ती का नाही

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बेगम बाजारातली दुकानं लवकर बंद करून तुम्ही आलात, काचीगुड्याहून आपल्या वकीलबाई आल्या. मला बोलायची सवय नाही. नववीतच शाळा सुटली. चुकीचं काही बोललं जाऊ नये म्हणून लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

आल्याआल्या दोघातिघांनी मला हळूच सांगितलं, "अरे, फोटोपुढं उदबत्ती लावायची राहिली." राहिली नाही. लावलेली नाही. का, ते सांगतो.

सुशीलामावशी माझ्या शेजारच्या. भिंतीला भिंत. मागच्या कारखान्याचा वास सुटला की भिंतीपलीकडून त्यांचा खोकला सुरू व्हायचा. तिथं काय बनतं? औषधं. माणसांची औषधं! आपल्या वस्तीतून पहिली तक्रार मावशींनी केली. वकीलबाईंनी फी न घेता केस चालवली. शेवटी पाहणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असं ठरलं.

मग आपण काय केलं? आठवतंय ना? साहेब येणार म्हणून आपण सगळी गल्ली धुतली. फिनाईल टाकलं. सडा घातला, रांगोळ्या काढल्या. घरोघरी ऊद जाळला. साहेब मावशींच्या घरात आले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "वाह अम्मा, क्या खुशबू है!" चहा झाला, पोहे झाले. अहवालात लिहिलं, वस्तीत दुर्गंधी आढळली नाही.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, तुम्ही पुरावाच धुऊन टाकलात!"

मावशी म्हणाल्या, "मग काय पाव्हण्याला घाणीत बसवू, बाई?"

आपण सगळे हसलो. आज मला हसू येत नाही. साहेबांना नाक होतं, डोळे नव्हते का? बोअरचं पाणी पिवळं होतं. मावशी दोन शब्दांमध्ये धापा टाकत होत्या. ते कुठं लिहिलं? घाण त्यांची, आणि लाज आपल्याला वाटली. त्यांना कधी वाटली?

आज सकाळी कारखान्याकडून हार आला. निशिगंधाचा, घमघमणारा. तो मी फाटकाबाहेर ठेवलाय. कुणाला राग आला असेल तर येऊ द्या.

वकीलबाईंनी भांडून दुसरी पाहणी मिळवली आहे. येत्या सोमवारी. मावशी तिच्यासाठीच श्वास धरून होत्या. दवाखान्यात, नाकाला नळी असताना, सुनेला म्हणाल्या, "घर पुसून ठेव गं. माझ्यामागं लोक येतील." सून रडायला लागली. तर म्हणाल्या, "सोमवारी मात्र नक्को पुसू. सोमवारी साहेब यायचेत."

म्हणून हात जोडतो. सोमवारी कुणी गल्ली धुऊ नका. ऊद नको, फिनाईल नको. डॉक्टरांचे कागद घेऊन दारात उभे राहा. साहेबांना चहा जरूर द्या, पण कारखान्याच्या भिंतीला खुर्ची लावून द्या. आणि अर्धा कप नको. भरून द्या. सावकाश पिऊ द्या.

आता उभे राहू या. खिडक्यांजवळ जे बसलेत, त्यांनी खिडक्या उघडा. सगळ्या. दोन मिनिटं कुणी बोलू नका आणि कुणी नाकाला रुमाल लावू नका. मावशींचा या घरातला शेवटचा श्वास याच हवेतला होता.

मावशी, आज घर पुसलंय. सोमवारी नाही पुसणार.