फलाटाच्या अंगाले टांगलेली टोपली

माहा जनम आंजी मोठीचा. आमच्या गावात रेल्वे नाई, तवाही नव्हती अन् आताही नाई. म्हनून माहं लगन जमलं तवा पोरगा कसा हाय हे पाह्याची मले काई घाई नव्हती, मामानं सांगतलं का सासरच्या वावरातून रेल्वे दिसते, तं मी हो म्हनून मोकळी झाली. अशी येडी पोट्टी होती मी, काय सांगू तुमाले. नवरा मंग पाह्यला. बरा निंगाला बिचारा, नाईतं रोज भांडाले का मी इंजनापाशी जानार होती.

सासर माहं सेलू अन् सिंदीच्या मधातलं. लहानसं टेसन, एक्सप्रेस गाड्या धूळ उडवून निंगून जातेत, थांबते ते पॅसेंजर. विहिरीपाशी आमची वांग्याची वाडी, अन् सासू रोज सकाळच्या पॅसेंजरनं वांगे अन् सांबार घेऊन नागपूरच्या बजारात जाये. सांबार म्हंजे कोथिंबीर, तुमी लिहून राह्यले म्हनून सांगतो, नाईतं वाचनारा म्हनन बुढी इडलीसंगं खाचं सांबार इकत होती.

आता डब्यात मानसाले पाय ठेवाले जागा नाई, तं टोपली कोठी ठेवान? भाजी इकनाऱ्या बायाईनं लोहारापासून आकडे करून घेतले होते. लोखंडाची सळाख, दोन्हीकडून वाकवलेली. एक टोक खिडकीच्या गजात, दुसऱ्या टोकात टोपलीची दोरी, अन् टोपली बाहेर लोंबकळत. दूधवाले आपल्या कॅना तशाच टांगत. कायद्यात बसत नव्हतं ते, पन टीसी साहेब आमच्या खिडकीपाशी आला का वरचा पंखा पाहे. तो पंखा कधी फिरत नव्हता, तरी पाहे.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा लागे. फलाट ज्या अंगाले येते त्या अंगाले टोपली टांगाची नाई. कोन्त्या टेसनावर फलाट कोन्त्या बाजूनं येते हे सगळ्या बायाईले पाठ. मले कसं पाठ राहीन, मी तं नवी सून, सासूसंगं त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत पाय ठेवला होता. सासू दरवाजात दूधवाल्यासंगं भांडून राह्यली होती, मले म्हने, टांग टोपली. मी टांगली. ज्या खिडकीतून वावर चांगलं दिसते त्या खिडकीले टांगली, काऊन का मले सासरचं वावर पाहाचं होतं.

मंग आलं सिंदी. तवाचे फलाट खालतं होते, जमिनीले टेकलेले, खिडकीतली टोपली बरोबर मानसाच्या डोक्यापाशी ये. गाडी हळू झाली अन् माही टोपली निंगाली लोकाईचे डोके मोजत. एक म्हनते अरे अरे, दुसरा खाली बसला, बाया पदर घेऊन पळाल्या. मी आतून टाळ्या वाजवून राह्यली, मले वाटलं गाडी आली म्हनून लोकं खुशीनं नाचून राह्यले. सासूनं दरवाजातून वाकून टोपली काढली तं वांग्यावर एक पांढरी टोपी. कडक इस्त्रीची. सासू म्हने, अवो बाई, वांगे इकाले आनले का पुढारी?

दुसऱ्या दिवशी टोपीवाला बुढा तिथंच बोडक्या डोक्यानं उभा. सासूनं टोपीत वांगे भरून त्याच्या हातात देल्ली. त्याच्यानंतर गाडी आली का तो झाडामांगं जाऊन उभा राहे.

आता असंच चाललं बाप्पा. सासू गेली, टोपली माह्या डोक्यावर आली. गजानन, माहा पोरगा, त्याच गाडीच्या बाकड्याखाली झोपून मोठा झाला. आमचे हे गेले, तेराव्यानंतर मी पुन्हा टोपली भरली. फलाट उंच झाले, टोपली बाहेर टांगनं बंद झालं, पन आकडा मी सोडला नाई, आत सामान ठेवाच्या फळीले अडकवो. त्या निळ्या डब्यात माही जागा ठरलेली होती, दरवाजापासची. मी नसली तरी तिथं कोनी बसे नाई.

गजाननले वर्धेले नवकरी लागली, बोरगाव मेघेले घर बांधलं त्यानं. तवापासून मांगं लागला, माय, आता पुरे, घरी चाल. एक दिवस लय डोकं खाल्लं तं मी म्हनलं, ही पॅसेंजर ज्या दिवशी कायमची जाईन त्या दिवशी मी तुह्या घरी येईन बसाले. पाहा आता अक्कल. मले वाटलं रेल्वे का कधी जाते, मानसं जातेत. सून हसली. सून शहानी हाय माही. एका सैपाकघरात दोन बाया म्हंजे काय होते हे तिले मालूम हाय.

अन् गेली न बाप्पा गाडी. निळे डबे काढून मेमू येनार म्हने, लोकलसारखी नवी गाडी. मले ते कोनी सांगतलं, तं नागपूरच्या पोट्ट्याईनं. पाच-सहा जन, चांगले शिकलेले, कोनी बँकेत, कोनी कॉलेजात शिकवते, अन् सुट्टीच्या दिवशी रेल्वे पाहात फिरतेत. त्याच्यात एक अनिकेत होता. तो डब्याले कान लावून बसला. मी म्हनलं, काऊन रे, ताप आला काय गाडीले? तो म्हने, आजी, आवाज मोबाइलात भरून राह्यलो, पुन्हा भेटनार नाई. म्या म्हनलं, एवढे साल मी या आवाजापायी सुखानं डुलकी घेतली नाई, अन् तू घरी नेऊन राह्यला?

पन त्यानंच मले सांगतलं का हे डबे आता म्हातारे झाले, रिटायर होनार. मी वरून हसली, पन गजाननले देल्लेली जबान आठवली. वाडी डोळ्यापुढं आली. बोरगावच्या घरी टाइल्स हाय, टीव्ही हाय, अन् मले दिवसभर सोफ्यावर बसून दूधवाल्याची वाट पाहा लागन.

शेवटच्या दिवशी आमच्या टेसनावर पोट्ट्याईनं इंजनले झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरले पेढा देल्ला. मलेबी शाल देल्ली, सगळ्यात जुनी पॅसेंजर म्हनून. गजानन आला होता मोटरसायकल घेऊन, मले बोरगावले न्याले. सामान बांधलं काय, माय? म्या म्हनलं, शाल तं पाहू दे. अनिकेत म्हने, आजी, फोटोपुरती टोपली टांगून दाखवा न बाहेर. म्या आकडा काढला अन् टोपली टांगली, पन पहिले त्याले खाली पाठवलं, पाह्य म्हनलं फलाट कोन्त्या अंगाले हाय. नवी सून नव्हती मी आता.

फोटो झाला, टोपली घेऊन मी फलाटावर उतरली, अन् गाडी निंगाली तवा अनिकेतच्या डोळ्यात पानी. म्या त्याले इचारलं, आता हे डबे कोठी नेतेत, मोडतेत काय? तो म्हने, सगळे नाई मोडत आजी. काई चांगले असतेत ते वापस कामाले लावतेत. खिडक्या बंद करून टाकतेत, मांगून मोठा दरवाजा करतेत, अन् त्याच्यात नव्या मोटारगाड्या भरून दूर दूर पाठवतेत.

म्या म्हनलं, पुन्हा सांग बापू, जरा जोरानं सांग. गजाननले ऐकू येऊ दे.

त्यानं सांगतलं. गजानन माह्याकडं पाहे, मी गजाननकडं. म्या म्हनलं, गजू, सरकारबी रिटायर झालेल्या डब्याले घरी बसवत नाई. वझं बदलते. तूबी माहं वझं बदलून पाह्य. गजानन म्हने, माय, तू जबान देल्ली होती. म्या म्हनलं, देल्ली होती, खोटी नाई करत, घरी येतो. उन्हाळ्यात वाडीत काई नसते, ते दोन महिने तुह्या घरी. बाकी दिवस लहान टोपली घेऊन वर्धेपर्यंतच जाईन, नागपूर सोडलं. पन माह्या खिडक्या बंद करू नको.

त्यानं मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली. मंग म्हने, लहान म्हंजे केवढी लहान? तवाच मी समजली का जमलं.

आता मेमूनं जातो मी, हप्त्यातून दोनदा. चांगली हाय गाडी, पंखे फिरतेत. आकडा मातर तिच्यात कोठीच बसत नाई, सगळं जाडं जाडं केलं हाय. टोपली मांडीवर ठेवतो. आकड्यानं घरी शेवग्याच्या शेंगा ओढतो. ते पोट्टे म्हनत होते आम्हाले द्या, सांभाळून ठेवू. म्या म्हनलं, शेंगा सरू द्या पहिले.

अनिकेतचा फोन येते कधी कधी. अजून लगन नाई केलं त्यानं. पोरगी पाह्याले जाशीन तं टेसनापासचं घर पाहजो, म्या त्याले सांगतलं. सुखी राहजो बाप्पा. तिच्या घरून रेल्वे दिसत असन, तं बाकी सगळं मंग पाहता येते.