चाखून दाखवलेल्या जेवणाबाबत

नाव आणि कायमचा पत्ता पारपत्रात आहे तोच. वय चव्वेचाळीस वर्षे. व्यवसाय नोकरी, विमा कार्यालयात दाव्यांची छाननी. सध्याचा मुक्काम बसस्थानकामागचे हॉटेल, दुसरा मजला. खोलीत एकटी.

अंमलदारांसमोर बसून, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर मला आठवते तसे, लिहून देते की:

मला इथली भाषा येत नाही. ठाणे अंमलदारांनी मला माझ्या भाषेत लिहू दिले आहे. दुभाषी बाई शिक्षणासाठी काही वर्षे आमच्या देशात राहिलेल्या आहेत, त्यांना मराठी चांगली येते. जिथे खोडले आहे तिथे बाजूला सही केली आहे. लोकांचे जबाब वाचणे हेच माझे रोजचे काम आहे. जबाबात विशेषणे वाढली की दाव्याकडे संशयाने बघायचे, असे मीच नव्या मुलांना शिकवते. त्यामुळे विशेषणे टाळण्याचा प्रयत्न करीन.

मला लहानपणापासून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दाणा, कूट, तेल, काहीही चालत नाही. पोटात गेले की ओठ सुजतात, घसा आवळतो, मग श्वास घेता येत नाही. पर्समध्ये मांडीत टोचायचे औषधाचे पेन असते. सोबत एक कार्ड असते. त्यावर शेंगदाण्याचे चित्र, त्यावर फुली, पेन कसे टोचायचे त्याची चित्रे आणि खाली इथल्या भाषेत मजकूर आहे. हे कार्ड माझ्या पतींनी करून घेतले होते.

मी एका सहल कंपनीबरोबर आले. सहलीचे बुकिंग गेल्या वर्षी दोघांचे केले होते. त्यातली एक जागा फेब्रुवारीत रद्द करण्यात आली. खोली मात्र दोन खाटांचीच मिळाली.

या गावी आमच्या गटाचा मुक्काम आठवडाभर होता. जेवण हॉटेलात, मांडून ठेवलेल्या भांड्यांतून आपापले वाढून घ्यायचे. पहिल्या सकाळी मी आचाऱ्याला कार्ड दाखवले. त्याने तीन भांड्यांवर बोट ठेवून, ही चालतील अशी मान डोलावली. मी वाढून घेणार तेवढ्यात आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी शेंगदाण्याच्या रश्श्यातला डाव उचलून त्या तीनपैकी एका भांड्यात घातला. त्यांचा यात काही दोष नाही. डाव हाताला आला तो त्यांनी घेतला. मी ताट ठेवून दिले आणि खोलीत जाऊन केळी खाल्ली.

आमच्या सहलप्रमुखांना गटात सगळे कॅप्टन म्हणतात, कारण ते टोपी काढत नाहीत. त्यांनी मला तीनदा सांगितले, "ताई, तुम्ही आपला कोरडा भात घ्या ना, कशाला डोक्याला ताप." गटात एक निवृत्त हेडमास्तर होते. दुसऱ्या दिवशीही मी केळी सोलताना पाहून त्यांनी विचारले की मी सहलीला आले आहे की उपासाला. सगळे हसले, मीही हसले. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणत होते, दुपारी बसमध्ये मला बिस्किटांचा पुडा देऊ लागल्या. मी मागचे बारीक अक्षर वाचू लागले तशा त्या म्हणाल्या, "अगं, मी काय तुला विष देणार आहे?" त्यांना राग आला नव्हता. पण त्यानंतर त्यांनी काही दिले नाही.

त्याच संध्याकाळी मी हॉटेलच्या मागच्या गल्लीतल्या खाणावळीत गेले. ही खाणावळ दोघी सासू-सुना चालवतात. सून चुलीवर असते, सासू दारापासच्या कोपऱ्यात बसून निवडणे-सोलणे करते. मी सासूबाईंना मनात आजी म्हणत होते, म्हणून इथेही तसेच लिहिते. चार टेबले आहेत, बहुतेक गाडीचालक जेवायला येतात. गर्दी व्हायच्या आधी मी गेले होते.

मी सुनेला कार्ड दिले. तिने ते पूर्ण वाचले, उलटे करून मागची बाजूही पाहिली, आणि मला बसायची खूण केली. मग तिने भिंतीवरची एक कढई काढली, माझ्यासमोर नळाखाली दोनदा घासली, एक नवी तेलाची बाटली फोडून मला वास घ्यायला दिला, आणि भात, पालेभाजी आणि अंडे करून आणले. कढईच्या कानाला तिने लाल चिंधी बांधली. नंतर रोज माझे जेवण त्याच कढईत झाले. ती कढई दुसऱ्या कशासाठी वापरलेली मी पाहिली नाही.

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी, जी खाणावळीविरुद्ध दिलेल्या तक्रारीत नाही, कारण तक्रार देणाऱ्याला ती माहीत नाही.

घराबाहेर जेवताना माझे ताट आधी माझे पती चाखत. त्यासाठी ते खिशात दोन चमचे ठेवत. एकाने ते ताटातला प्रत्येक पदार्थ चाखत, थोडे थांबत, "घे" किंवा "नको" म्हणत, आणि दुसरा चमचा मला देत. कोणी पाहत असेल तर म्हणायचे की राणीसाहेबांचा मी चाखदार, पगार नाही, नुसतेच जेवणखाण. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. या काळात बाहेर खाऊन मला एकदाही त्रास झाला नाही.

प्रवासाला निघताना मी दोन्ही चमचे बॅगेत घातले. का, ते सांगता येणार नाही. सवय, असे मी लिहिले होते, पण खोडले, कारण ते पूर्ण खरे नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी ताट समोर आले आणि मला घास उचलवेना. कढई मी पाहिली होती, तेल पाहिले होते, शंकेला जागा नव्हती. तरी मी बसून राहिले. सून जवळ आली. मी पर्समधून दोन्ही चमचे काढले, एक तिच्याकडे सरकवला आणि खुणेने सांगितले की आधी तू. तिला ते विचित्र वाटले असेल. पण तिने चाखले, थोडी थांबली आणि हाताने "घे" अशी खूण केली. मी जेवले. पोटभर.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिथे जेवले. रोज मी टेबलावर दोन चमचे ठेवायचे आणि सून चाखून दाखवायची. चुलीवरची चव घेण्यापलीकडे गर्दी ओसरेपर्यंत ती स्वतः काही खात नसे. तिसऱ्या दिवशी तिने चाखून मुद्दाम तोंड वाकडे केले, मी घाबरले, आणि ती आणि आजी दोघी खूप हसल्या. मीही हसले. गटाबरोबरच्या हसण्याहून हे वेगळे होते. पण कसे, हे जबाबात लिहिण्यासारखे नाही.

घटनेच्या दिवशी, म्हणजे मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, मला जायला उशीर झाला. वाटेतल्या थांब्यावर हेडमास्तरांची टोपी राहिली म्हणून कॅप्टननी बस परत नेली होती. मी पोचले तेव्हा चारही टेबले भरली होती. आजींनी एका गाडीचालकाला उठवून मला जागा दिली. सुनेने लाल चिंधीची कढई काढली, धुतली, जेवण केले आणि ताट माझ्यासमोर ठेवले. तेवढ्यात दुसऱ्या चुलीवर काहीतरी उतू गेले आणि ती तिकडे धावली.

मी चमचे मांडून बसले होते. आजींनी ते पाहिले. त्या कोपऱ्यातून उठल्या, पदरासारख्या पुढच्या फडक्याला हात पुसत आल्या, चमचा उचलला, चाखले, थांबल्या, सुनेसारखीच खूण केली. मी लगेच घास घेतला नाही म्हणून त्यांनी तोच चमचा पुन्हा ताटात घालून आणखी एकदा चाखले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी जेवू लागले. चार-पाच घासांनंतर ओठांना मुंग्या आल्या. मग घसा. मी उभी राहिले एवढे मला आठवते. सुनेने माझी पर्स टेबलावर उपडी केली, पेन शोधले, टोपण काढले आणि माझ्या मांडीत टोचून दाबून धरले. कार्डावरची चित्रे तिने पहिल्या दिवशी पाहिली होती, त्यानंतर कार्ड मी तिला पुन्हा दाखवले नव्हते. ज्या गाडीचालकाला माझ्यासाठी उठवले होते त्याच्याच गाडीतून मला दवाखान्यात नेले. सून मागे माझे डोके धरून बसली होती. खाणावळीतल्या लोकांनी मदत केली नाही, असे तक्रारीत म्हटले आहे. ते चूक आहे. तक्रार देणारे कॅप्टन तेव्हा हॉटेलात होते.

दुसऱ्या सकाळी गट ठरल्याप्रमाणे पुढच्या गावी गेला. काकूंनी दवाखान्यात निरोप ठेवला होता की काळजी घे. निघण्यापूर्वी कॅप्टननी इथे तक्रार दिली की कार्ड दाखवूनही खाणावळीने जाणूनबुजून शेंगदाणा घातला. त्यावरून खाणावळीला कुलूप लागले आहे आणि सुनेला इथे आणले आहे. मला सांगण्यात आले आहे की तिच्यावर गुन्हा ठेवायचा की सोडायचे, हे मुख्यतः माझ्या जबाबावर ठरेल.

आज इथे येण्यापूर्वी कॅप्टनचा फोन आला. आवाजात आपुलकी होती. ते म्हणाले, "ताई, चार ओळींत आटपा. कार्ड दाखवलं, तरी घातलं, बस. नाहीतर कंपनी मला विचारणार, तुम्ही बाईंना एकटं बाहेर जेवू कसं दिलंत. आणि त्यांचं काय, आपल्याला थोडंच परत यायचंय इथे?" मी बघते म्हणाले. त्यांना नाही म्हणायला हवे होते का, याचा विचार मी ठाण्यापर्यंतच्या वाटेवर केला. आता इथे लिहिते आहे, तेच त्यांना उत्तर समजावे.

अंमलदारांनी विचारले की जेवणात शेंगदाणा होता का. माझे म्हणणे असे की सुनेने केलेल्या जेवणात नव्हता. कोपऱ्यात आजी शेंगा सोलत होत्या. सोलता सोलता एखादा दाणा तोंडात टाकत होत्या, जसे कोणीही टाकेल. ताटात जे गेले ते त्यांच्या हातातून आणि तोंडातून, चमच्यावाटे गेले.

अंमलदारांनी विचारले की आजी शेंगा सोलत होत्या हे मला दिसले होते का. दिसले होते. मी रोज त्या कोपऱ्यापासून लांबचे टेबल निवडत होते. त्या दिवशी त्या तिथूनच उठून आल्या हेही दिसले.

"मग तरी खाल्लंत का?" असे त्यांनी दोनदा विचारले.

"त्यांनी माझ्यासाठी चाखलं होतं," असे मी सांगितले. दुभाषी बाईंनी ते सांगितल्यावर अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली आणि उत्तर नीट सांगा म्हणाले. मी तेच उत्तर पुन्हा सांगितले.

एक खुलासा करते. दवाखान्यात छताकडे बघत पडले असताना मी हे प्रकरण दाव्यासारखे तपासले. एकच कृती अठरा वर्षे निर्धोक ठरली आणि आता घातक, तर फरक कुठे, असे आम्ही विचारतो. फरक चाखण्यात नव्हता. माझ्या पतींनी लग्नानंतर शेंगदाणा सोडला असणार. घरी तर तो येतच नव्हता. मला वाटायचे कचेरीत, मित्रांत खात असतील. एकदा विचारले तर "सवय गेली" म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मीही पुढे विचारले नाही. पण अठरा वर्षे तो चमचा त्यांच्या तोंडातून निर्धोक परत आला, त्याचा अर्थ एकच होतो. मला वाचवत होते ते चाखणे नव्हे. ते जे खात नव्हते, ते मला वाचवत होते, आणि हे त्यांनी कधी सांगितले नाही.

म्हणून चाखायची रीत मी या दोघींना शिकवली, ती अर्धीच शिकवली. उरलेली अर्धी मलाच माहीत नव्हती. यात त्यांचा गुन्हा काय, ते मला दिसत नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाणावळीचे कुलूप काढावे आणि लाल चिंधीची जप्त कढई त्यांना परत द्यावी, अशी विनंती आहे.

हे लिहीत असताना आजी आणि सून समोरच्या बाकावर बसून आहेत. आजींनी मघाशी दुभाषी बाईंना काही विचारले. मला वाटले जबाबाबद्दल असेल. दुभाषी बाई म्हणाल्या, "विचारतायत, सकाळपासून काही खाल्लंय का हिने." मी हो म्हणून सांगायला लावले. ते खरे नाही, आणि जबाबात खोटे राहू नये म्हणून इथे नोंदवते.

नातेवाईकांपैकी कोणाला कळवायचे, या प्रश्नाला उत्तर: नणंद आहे, पण आधीच तिला एका वर्षात पुरेसे कळवून झाले आहे. कळवू नये.

वरचा सगळा मजकूर दुभाषी बाईंनी आधी मराठीत आणि मग इथल्या भाषेत मोठ्याने वाचला. बाकावरच्या दोघींनीही ऐकला. मी लिहिले तसेच वाचले गेले आहे. सोबत जप्तीची यादीही वाचून दाखवली, तीत एक दुरुस्ती सांगितली. यादीत "चमचे दोन, एक प्रवासी महिलेचा, एक खाणावळीचा" असे होते. खाणावळीचे चमचे पत्र्याचे आहेत. हे दोन एका जोडीतले आहेत, दांड्यावर सारखीच वेल आहे. अंमलदारांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले की मग दोन्ही तुमचेच लिहू का.

मी सांगितले की हो, आता दोन्ही माझेच. तशी दुरुस्ती झाली आहे. सही केली.