रविवारचा डोस

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची मुलगी.

"बाबा, खाणं मोजूनमापून, इन्सुलिन वेळेवर. मग साखर का चढतेय?"

"सायकल सुटली ना गं. दिवसभर टपाल वाटत हिंडायचो, तेव्हा थोड्या इन्सुलिनवर भागायचं."

"आणि वाईट बातमीची तार असली की?"

"मग सायकल मारूनही साखर चढायचीच. तुझी आई म्हणायची, लोकांचं दुःख तुमच्या रक्तात कसं उतरतं?"

"रविवारी ती तुम्हाला जास्त इन्सुलिन द्यायची."

"घरी लोळत पडायचो ना! रविवारचा डोस म्हणायची."

"आता रोज तोच घ्यायला सांगितलाय ना डॉक्टरांनी?"

"सांगितलाय."

"बाबा! अजून कामाच्या दिवसाचाच घेताय?"

"रोज रविवारचा घेतला, तर सोमवार उजाडणार कधी गं?"